विश्लेषण : रोमच्या नाण्यावर सम्राटाचे घराणे, वऱ्हाडच्या नाण्यावर हत्ती… तऱ्हाळ्याच्या साठ्यातून विसरलेले राजे कसे सापडले?

तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा या गावात 1939 मध्ये जुन्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सुमारे 1600. त्यांत सोने नव्हते, चांदीही नव्हती. काळपट पडलेल्या त्या चकत्या बाजारात नेल्या असत्या तर भंगाराचा भाव मिळाला असता. पण त्यांच्यावर अशा राजांची नावे निघाली जी कोणत्याही पुराणात नाहीत आणि तोवर इतिहासाच्या पुस्तकांतही नव्हती. त्याच सुमाराच्या शतकांत रोमचे सम्राट नाण्यावर स्वतःचा चेहरा, बायको, मुले आणि दत्तक वारसही छापत होते. मग वऱ्हाडात चालणाऱ्या नाण्यावर चेहऱ्याऐवजी हत्ती का? आणि चेहरा नसताना राजा ओळखायचा कसा?

तऱ्हाळ्यात नेमके काय सापडले?

तऱ्हाळा हे गाव मंगरूळपीर तालुक्यात आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते वाशिममध्ये गणले जाते. जुन्या पुस्तकांत मात्र अजूनही ‘तऱ्हाळा, जिल्हा अकोला’ असेच वाचायला मिळते.

साठ्यातील नाणी सातवाहन राजांची आहेत. धातूचे नाव पोटीन. तांबे, शिसे आणि कथील यांची ही मिश्र धातू. रोजच्या बाजारात चालणारे हे छोटे चलन होते, आजच्या चिल्लरीसारखे. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव. दुसऱ्या बाजूला ज्याला अभ्यासक ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात ती खूण : अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस आणि त्याच्या चारही टोकांना गोल.

ही नाणी वाचली वासुदेव विष्णू मिराशी यांनी. नागपूरला संस्कृतचे अध्यापन करणारे मिराशी पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. तरीही हे काम सोपे नव्हते. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे एकाही नाण्यावर पूर्ण लेख उमटेलच असे नाही. एकावर नावाची पहिली दोन अक्षरे, दुसऱ्यावर मधली तीन, तिसऱ्यावर नुसतेच शेवटचे ‘स’. एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवायची आणि तुटके फोटो जोडून एक चित्र करावे तसे नाव जुळवायचे. साठा एकत्र असेल तरच हे जमते. दहा-दहा नाणी वेगवेगळ्या घरांत गेली असती तर त्यांतून काहीच वाचता आले नसते.

जुळवलेल्या नावांत ओळखीचे राजे होते : सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी. त्यांच्यासोबत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी हेही निघाले. पुराणांमध्ये आंध्र म्हणजे सातवाहन राजांच्या याद्या दिल्या आहेत, त्यांत या तिघांचा पत्ता नाही. शक सातकर्णीची नाणी तर संपूर्ण साठ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तेवढी चार-दोन नाणी एखाद्या मुशीत वितळली असती तर तऱ्हाळ्याच्या साठ्यातून हा राजा कुणाला भेटलाच नसता.

विजय सातकर्णीचीही नाणी मोजकीच मिळाली. पण त्याचे तसे नाही. त्याचे नाव पुराणांत आहे आणि आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे त्याचा शिलालेखही आहे. म्हणजे विजयला तीन साक्षीदार, तर शक सातकर्णीच्या बाजूने उभी फक्त ही काळपट चकती.

रोमच्या सम्राटाला नाण्यावर कुटुंब का लागत होते?

यासाठी ऑगस्टसचे एक चांदीचे नाणे पाहणे पुरेसे आहे. आजच्या फ्रान्समधील ल्योन शहराच्या टांकसाळीत ते इ.स.पूर्व 2 च्या सुमारास पाडायला सुरुवात झाली. पुढच्या बाजूला ऑगस्टसचा चेहरा आणि लॅटिन लेख, ज्यात तो स्वतःला ‘देवाचा मुलगा’ म्हणवतो. हा देव म्हणजे ज्युलियस सीझर. सीझर त्याच्या आजीचा भाऊ, त्याने मृत्युपत्रातून ऑगस्टसला दत्तक घेतले होते आणि मृत्यूनंतर रोमने सीझरला देव जाहीर केले. नाण्याच्या मागच्या बाजूला ढाली आणि भाले घेतलेले दोन तरुण उभे आहेत, गायस आणि लुसियस.

ऑगस्टसला मुलगा नव्हता. मुलीची ही दोन मुले त्याने दत्तक घेतली आणि त्यांना वारस म्हणून सगळ्या साम्राज्याला दाखवले. तेव्हा वर्तमानपत्र नव्हते, टीव्ही नव्हता. सीरियापासून स्पेनपर्यंत प्रत्येक सैनिकाच्या हातात पडणारी गोष्ट एकच होती, पगाराचे नाणे. उद्या गादीवर कोण येणार हे सैनिकाला आजच कळले पाहिजे, नाहीतर सम्राट मरताच चार सेनापती उभे राहतील, ही त्यामागची भीती.

नियतीने मात्र वेगळेच ठरवले. लुसियस इ.स. 2 मध्ये गेला, गायस इ.स. 4 मध्ये. गादी मिळाली सावत्र मुलगा टायबेरियसला. त्याच्या नाण्यावर लेख आहे, ‘देव ऑगस्टसचा मुलगा’. मागे सिंहासनावर बसलेली एक स्त्री. अनेक अभ्यासक तिला टायबेरियसची आई लिव्हिया मानतात.

भारतासाठी गमतीचा भाग पुढे आहे. दक्षिण भारतात रोमन चांदीची जी नाणी सापडतात त्यांत सर्वाधिक भरणा याच दोन प्रकारांचा आहे. जी दोन मुले राजा झालीच नाहीत त्यांचे चित्र आपल्याकडे हजारोंच्या संख्येने आले. इतकेच नाही, तर भारतात त्या नाण्याच्या नकलाही झाल्या. नक्कल करणाऱ्याला गायस कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला ओळखीचे चित्र हवे होते, कारण ओळखीच्या चित्रावर व्यापारी भरवसा ठेवतो.

पुढच्या रोमन सम्राटांनी हीच पद्धत आणखी ताणली. मार्कस ऑरेलियसची बायको फॉस्टिना हिच्या नाण्यांवर लहान मुले आहेत, वंश वाढतो आहे हे सांगण्यासाठी. सेप्टिमियस सेव्हेरसने तर कमालच केली. तो लढाया जिंकून सत्तेवर आला होता, घराणे वेगळे, गाव आफ्रिकेतले. इ.स. 195 मध्ये त्याने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केले. ऑरेलियसला मरून तेव्हा 15 वर्षे झाली होती! बायको ज्युलिया डोम्ना आणि मुलगे कॅराकॅला व गेटा यांचे चेहरे त्याने नाण्यांवर आणले. सेव्हेरस गेल्यावर इ.स. 211 मध्ये कॅराकॅलाने गेटाला ठार मारवले आणि त्याची आठवण पुसण्याचा हुकूम काढला. आजच्या तुर्कस्तानातील स्ट्रॅटोनिकिया शहराची अशी नाणी मिळतात, ज्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते आणि गेटाचा चेहरा खरवडून काढलेला आहे.

चेहरा खरवडण्याचा असा प्रकार आपल्याकडे झाला का?

झाला, आणि फार मोठ्या प्रमाणावर झाला. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-दारणा संगमाजवळ जोगलथेंबी गाव आहे. तिथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. 13 हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातील राजा नहपानाची. त्यांपैकी 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

नहपानाचे मूळ नाणे चेहऱ्याचे होते. भोवती ग्रीक अक्षरे, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिपी. ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा मात्र प्राकृत. आज मोबाइलवर मराठी मेसेज रोमन अक्षरांत टाइप करतात, अगदी तसेच. हा साठा तपासणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्या मते ते चेहरे घडवणाऱ्याच्या डोळ्यासमोर रोमन नाणी असावीत. व्यापाराकडे पाहिले तर हे पटण्यासारखे आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत भडोच बंदराची माहिती आहे. तिथे रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली की नफा होतो, असे ती सांगते. पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर येथून माल भडोचला येतो, हेही त्यात आहे. तिकडे रोममध्ये प्लिनी कुरकुरत होता की भारत दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला तेव्हा ही चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. त्याने तसे केले नाही. कमानींचा डोंगर आणि आपले नाव असलेला ठसा त्याने थेट जुन्या नाण्यावर मारला. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. कित्येक नाण्यांवर डोंगराखालून नहपानाचे नाक-डोळे अजून दिसतात. यात काटकसर होती हे खरे. पण पराभूत राजाचा चेहरा दाबून टाकलेला दिसणे ही जाहिरातही होती, आणि नव्या कोऱ्या नाण्याने ती साधली नसती.

मग सातवाहनांच्या नाण्यांवर चेहरा कधीच नव्हता का?

होता, पण चांदीवर. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी यांची चेहऱ्याची नाणी मिळाली आहेत. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले होते. पश्चिमेकडच्या बंदरांच्या पट्ट्यात लोकांना क्षत्रपांच्या चेहऱ्याच्या चांदीची सवय होती, म्हणून सातवाहनांनीही तिथे तोच घाट ठेवला. आंध्रच्या किनाऱ्याकडे त्यांनी शिशाच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचे जहाज आणले. वऱ्हाड-विदर्भात पोटीनचा हत्ती चालला. एकच राजघराणे, पण प्रत्येक प्रदेशात तिथल्या बाजाराला मानवेल ते चित्र. रोमन टांकसाळीने असा विचार फारसा केला नाही, कारण तिला एकच चेहरा सगळीकडे पोहोचवायचा होता.

चेहऱ्याच्या चांदीवर आणखी एक गोष्ट आहे, जी रोमन नाण्यावर या रूपात दिसत नाही. तिथे लिहिलेले असते ‘गौतमीच्या मुलाचे’, ‘वासिष्ठीच्या मुलाचे’. म्हणजे बापाच्या जागी आई. गौतमी, वासिष्ठी ही नावे आईच्या गोत्रावरून आलेली. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, त्यामुळे याला मातृसत्ता म्हणणे चूक ठरेल. पण राजाला अनेक राण्या असत आणि सातकर्णी हे नाव तर अर्ध्या घराण्याचे. कोणता सातकर्णी, याचे उत्तर आईच्या नावाने मिळते. मागच्या बाजूचा लेख तर दाक्षिणात्य वळणाच्या बोलीत आहे, त्यात मुलगा या अर्थी ‘मकन’ असा शब्द वाचला गेला आहे.

आईचे महत्त्व फक्त नाण्यापुरते नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी तो कोरलेला आहे. क्षहरातांचा वंश निखळून टाकणारा आणि सातवाहनांची प्रतिष्ठा पुन्हा उभी करणारा असे मुलाचे वर्णन त्यात येते. त्याच्या आधी नाणेघाटात राणी नागनिकेच्या काळात राजकुटुंबाच्या पुतळ्यांची रांग उभी होती. पुतळे गेले, आता पायांच्या खुणा आणि वरची नावे उरली आहेत. घराणे दाखवायची हौस रोमची एकट्याची नव्हती, तर.

क्षत्रपांनी या बाबतीत इतिहासाच्या विद्यार्थ्यांवर सर्वांत मोठे उपकार केले. पुढच्या काळातील त्यांच्या नाण्यांवर राजाचे नाव, पदवी, बापाचे नाव, त्याची पदवी आणि शक संवतातले वर्षही असते. नाणी ओळीने लावली की वंशावळ तयार. तऱ्हाळ्याच्या नाण्यावर यातले काहीच नाही. ना साल, ना बाप. म्हणूनच कुंभ, कर्ण आणि शक यांचा क्रम लावताना अभ्यासकांना साठ्यातील शेजारी नाणी आणि अक्षरांचे वळण यांवर विसंबावे लागते. यज्ञ सातकर्णीनंतर साम्राज्य फुटले आणि विदर्भात एक शाखा काही काळ टिकली, असा कल बऱ्याच अभ्यासकांचा आहे.

पुढे याच भागात वाकाटक आले आणि त्यांच्या एका शाखेने वत्सगुल्म म्हणजे वाशिम येथून राज्य केले. योगायोग असा की त्या शाखेतील विंध्यशक्ती दुसरा याचा वाशिम ताम्रपटही 1939 मध्येच उजेडात आला. एका वर्षात एकाच परिसराने दोन राजघराण्यांची कागदपत्रे बाहेर काढली म्हणायची.

अमरावतीचा यात काय संबंध?

मोबाइलवर ‘सातवाहन अमरावती’ असे शोधले की समोर येते ती आंध्र प्रदेशातील, स्तूपाची. आपली अमरावती वेगळी. पण आपल्याही जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, आणि 1960 च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले होते. रुक्मिणीचे माहेर म्हणून यात्रेला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या टेकाडाखालच्या जुन्या वस्तीची कल्पना असते, हा प्रश्नच आहे.

चेहरा नसलेल्या नाण्याची सवय तर या मुलखाला अलीकडेपर्यंत होती. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, बस्स. चेहरा आला तो इंग्रजांच्या रुपयावर आणि लोकांनी त्याचे नावच राणीछाप ठेवले. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरच्या मानवी आकृती पाहून त्यांना पुतळी म्हटले आणि त्यांच्या माळा केल्या. कोण राजा, कोणता संत याच्याशी कुणाला देणेघेणे नव्हते.

शेतात असे नाणे निघाले तर काय करावे?

वखरणी करताना, विहीर खणताना किंवा जुन्या घराचा पाया काढताना नाणी निघण्याचे प्रकार आजही होतात. वऱ्हाडात त्याला लगेच गुप्तधन हा शब्द चिकटतो आणि मग मांत्रिक, अमावास्या, पूजा. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो.

आपोआप सापडलेल्या वस्तूसाठी 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, काय सापडले, किती, कुठे आणि कधी. मर्यादा 10 रुपयांची कारण कायदा तेव्हाचा, आज त्यात जवळपास सगळेच बसते. वस्तूवर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि जमीन दुसऱ्याची असेल, तर साधारणपणे तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ती घेता येते. लपवले तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

इथेच खरी अडचण आहे. पोटीनच्या नाण्याच्या धातूची किंमत ती किती? त्यावर एक पंचमांश धरूनही शेतकऱ्याच्या हाती फार काही पडत नाही. तालुक्याला दोन खेपा मारल्या तरी रोजी बुडते. त्यामुळे अशी नाणी पोरांच्या खेळण्यात, नाहीतर भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. चांदी असेल तर सराफाकडे. कायद्यात नाण्याच्या ऐतिहासिक मोलाचा हिशेब नाही, तोवर हे थांबणे अवघड दिसते.

दुसरा धोका थेट मोबाइलमध्ये आहे. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिरातींत आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने हे चालते म्हणून बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिला होता की अशा व्यवहारांत ती नाही आणि कुणाकडून शुल्कही घेत नाही. शिवाय 100 वर्षांपेक्षा जुने नाणे 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

सापडलेले नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासू नये. वरचा काळा-हिरवा थर निघताना ब्राह्मी अक्षरेही झिजून जातात आणि मग कुंभ की कर्ण हे कुणालाच सांगता येत नाही. सगळी नाणी एकत्र ठेवावीत, भांडे फुटले असेल तर त्याचे तुकडेही. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढावेत, जागेचा फोटो वेगळा घ्यावा आणि तहसील कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच मागून घ्यावी.